बीभत्सांतून करुणाकडे : डेव्हिड क्रोनेनबर्ग यांचें पुनरागमन

एखादा नामांकित गवई बरींच वर्षें मौन धरून बसावा आणि एके दिवशीं त्याची बैठक ठरल्याची वार्ता गांवांत पसरावी, म्हणजे श्रोत्यांच्या मनांत दोन इच्छा एकदमच जाग्या होतात. त्यानें पूर्वींचीच चीज पूर्वींच्याच ढंगानें म्हणावी, ही एक. आणि इतक्या वर्षांत त्याच्या गळ्यांत नवें काय आलें आहे तें ऐकावें, ही दुसरी. बहुधा पहिली इच्छा दुसरीवर मात करते. कारण जुनी चीज ऐकतांना श्रोत्याला आपलें स्वतःचें तारुण्य घटकाभर परत मिळतें. कलावंताच्या पुनरागमनाची वाट पाहण्यांत हा जो थोडासा आपमतलब दडलेला असतो, त्याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. आणि म्हणूनच कलावंत परत आल्यावर त्यानें प्रत्यक्ष काय आणलें, हें पाहावयाचें पुष्कळदां राहूनच जातें.

हा विचार आमच्या मनांत येण्याचें कारण म्हणजे कॅनडाचे चित्रपट-दिग्दर्शक डेव्हिड क्रोनेनबर्ग यांच्या संबंधानें २०२२ च्या वसंतऋतूंत उसळलेली उत्सुकता. त्या वर्षीं मे महिन्यांत फ्रान्समधील कान येथील चित्रपट-महोत्सवांत त्यांचा ‘क्राइम्स ऑफ द फ्यूचर’, म्हणजे ‘भविष्यकाळांतील अपराध’, हा चित्रपट प्रथम दाखविला जाणार होता. २०१४ नंतर त्यांचा एकही पूर्ण लांबीचा चित्रपट आला नव्हता. आणि ज्या प्रकारामुळें त्यांचें नांव जगभर झालें, त्या प्रकाराकडे तर ते १९९९ नंतर वळले नव्हते. ह्या प्रकाराला इंग्रजी टीकाकार ‘बॉडी हॉरर’ म्हणतात. आम्ही त्याला देहभयाचा चित्रपट म्हणूं. साध्या भयपटांत संकट बाहेरून येतें : पडक्या वाड्यांतून, स्मशानांतून, अंधाऱ्या रानांतून. देहभयाच्या चित्रपटांत तें माणसाच्या स्वतःच्या कातडीखालीं उपजतें. दार लावून घेतल्यानें त्यापासून सुटका होत नाहीं, कारण दार लावणारा हातच शत्रूला सामील झालेला असतो.

प्रयोगापूर्वीं खुद्द दिग्दर्शकानेंच उत्सुकतेंत तेल ओतलें. पहिल्या पांच मिनिटांतच कांहीं प्रेक्षक उठून जातील, असें भाकीत त्यांनीं एका मुलाखतींत केलें. झालें ! ज्यांना किळस हवी होती त्यांना ती मिळण्याचें जणूं लेखी आश्वासनच मिळालें; आणि जुना क्रोनेनबर्ग परत येत असल्याचा गजर सुरू झाला. हा ‘जुना क्रोनेनबर्ग’ नेमका कोण होता, आणि परत आला तो कोण, ह्याचा इतिहासाच्या आधारें शोध घेण्याचा आमचा आज मानस आहे. किळस ही कलेचा विषय होऊं शकते काय, हा जुना प्रश्नही त्या ओघांत आपोआप पुढें येतो.

ह्या प्रश्नाचा विचार करतांना आपल्याकडील रसचर्चेचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं. भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्रा’च्या सहाव्या अध्यायांत आठ रस सांगितले आहेत. त्यांपैकीं शृंगार, रौद्र, वीर आणि बीभत्स हे चार मूळचे. आणि त्यांपासून अनुक्रमें हास्य, करुण, अद्भुत आणि भयानक हे चार उत्पन्न होतात, अशी तेथील व्यवस्था आहे. म्हणजे ज्या रसाचें नांव घेतांच पुष्कळ रसिक नाक मुरडतात, त्या बीभत्साला मुनींनीं शृंगाराच्या पंक्तीस बसविलें, आणि भयानकाचें जनकत्वही त्यालाच दिलें. बीभत्साचा स्थायी भाव जुगुप्सा, त्याचा वर्ण निळा, आणि त्याची देवता महाकाल. रक्तादिकांच्या दर्शनानें होणारा तो क्षोभज, कृमि आणि विष्ठा यांच्या दर्शनानें होणारा तो उद्वेगी, असे त्याचे भेदही तेथें आहेत. पुढें दशरूपककार धनंजयानें वैराग्यापासून उत्पन्न होणारी शुद्ध घृणा हा तिसरा प्रकार स्पष्ट केला. भवभूतीच्या ‘मालतीमाधवा’च्या पांचव्या अंकांतील स्मशानदृश्य हें ह्या रसाचें अलंकारशास्त्रांतील ठरीव उदाहरण होऊन बसलें आहे.

क्रोनेनबर्ग यांनीं नाट्यशास्त्र पाहिलें असेल असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. परंतु बीभत्सापासून भयानक उत्पन्न होतो, आणि बीभत्साची देवता महाकाल आहे, हीं दोन सूत्रें हातीं धरलीं म्हणजे त्यांच्या पन्नास वर्षांच्या उद्योगाचा अर्थ बराचसा उलगडतो. शिवाय ह्या सूत्रांत न सांपडणारी एक तिसरी गोष्ट त्यांच्या उत्तम कृतींत आढळते, आणि आमच्या मतें तेंच त्यांचें खरें वैशिष्ट्य होय. तिच्याकडे आम्ही यथाक्रम येऊं.

देह उघडून पाहण्याची हौस पाश्चात्य जगांत नवी नव्हे. व्हेसालियसचा शरीररचनेवरील महाग्रंथ १५४३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच शतकाच्या अखेरीस इटलींतील पाडुआच्या विद्यापीठांत प्रेतविच्छेदनासाठीं एक कायमचें प्रेक्षागृहच बांधण्यांत आलें, आणि त्याची रचना नाटकगृहासारखी वर्तुळाकार व पायऱ्यापायऱ्यांची होती. १६३२ सालीं रेम्ब्रांटनें ॲमस्टरडॅमच्या डॉक्टर टुल्प यांचें जें प्रसिद्ध चित्र काढलें, त्यांत फांशी दिलेल्या एका गुन्हेगाराचा हात सोललेला आहे, आणि भोंवतीं प्रतिष्ठित गृहस्थ स्वच्छ गळपट्ट्या घालून उभे आहेत. हें ज्ञान कीं करमणूक, असा प्रश्न त्यांतील कोणाच्या चेहऱ्यावर दिसत नाहीं. तेव्हां उघडा देह आणि त्याभोंवतीं जमलेला सभ्य समाज, हें दृश्य युरोपांत जुनेंच आहे. चित्रपटानें पुढें तें अंधारांत बसून पाहण्याची सोय केली, इतकेंच.

वाङ्मयांत मेरी शेली यांनीं १८१८ सालीं ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहून प्रेतांच्या तुकड्यांतून मनुष्य घडविणारा शास्त्रज्ञ निर्माण केला; आणि काफ्का यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या कथेंत एका गरीब फिरत्या विक्रेत्याला सकाळीं उठतांच किड्याच्या रूपांत पाहिलें. चित्रपटाच्या क्षेत्रांत टॉड ब्राउनिंग यांनीं १९३२ सालीं ‘फ्रीक्स’ ह्या चित्रपटांत सर्कशींतील खऱ्याच व्यंग असलेल्या माणसांना भूमिका दिल्या. ब्रिटनमध्यें त्यावर सुमारें तीस वर्षें बंदी होती. गंमत अशी कीं, त्या चित्रपटांतील खरी कुरूपता व्यंग नसलेल्या सुंदर माणसांच्या अंतःकरणांत आहे. १९६० सालीं फ्रान्सच्या जॉर्ज फ्रांजू यांनीं आपल्या चित्रपटांत एका शल्यवैद्याला मुलीच्या विद्रूप मुखासाठीं दुसऱ्या तरुणींच्या मुखाची त्वचा काढतांना दाखविलें. ह्या सर्व पूर्वसूरींच्या कृतींत किळसेच्या पाठीमागें कोणाचें तरी दुःख उभें आहे, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

डेव्हिड क्रोनेनबर्ग यांचा जन्म १९४३ सालीं टोरॉंटो येथें झाला. वडील लेखनावर उपजीविका करीत, आई पियानो वाजवीत असे. टोरॉंटो विद्यापीठांत त्यांनीं आरंभीं विज्ञानाचा अभ्यास धरला. पण लवकरच तो सोडून ते इंग्रजी वाङ्मयाकडे वळले. विज्ञान सुटलें, परंतु वैज्ञानिकाची दृष्टि सुटली नाहीं. किडा, व्रण, गांठ यांच्याकडे ते तिरस्कारानें पाहत नाहींत, कुतूहलानें पाहतात. आणि प्रेक्षकाला अस्वस्थ करणारी खरी गोष्ट हीच आहे. १९६९ आणि १९७० ह्या सालीं त्यांनीं दोन छोटेखानी चित्रपट तयार केले. त्यांपैकीं दुसऱ्याचें नांव ‘क्राइम्स ऑफ द फ्यूचर’ असेंच होतें ! सौंदर्यप्रसाधनांमुळें वयांत आलेल्या सर्व स्त्रिया मरून गेल्या आहेत, आणि एका पुरुषाच्या शरीरांत कशाच्याच उपयोगी न पडणारे नवे नवे अवयव उगवत आहेत, अशी त्यांत कल्पना होती. बावन्न वर्षांनीं आलेला चित्रपट ही त्याची पुनरावृत्ति नव्हे. परंतु नांव आणि अवयवांची ती कल्पना त्यांनीं अर्धशतक मनांत सांभाळून ठेविली, ही गोष्ट उपेक्षणीय नाहीं.

१९७५ सालीं ‘शिव्हर्स’ आला, आणि क्रोनेनबर्ग एका रात्रींत बदनाम झाले. माँट्रियलजवळील एका नव्या, सर्व सुखसोयींनीं युक्त अशा बहुमजली इमारतींत एका डॉक्टरानें निर्माण केलेले परोपजीवी जंतु पसरतात, आणि तेथील सभ्य रहिवासी वासनेनें बेभान होतात, असें त्याचें कथानक आहे. चित्रपटाला कॅनडाच्या सरकारी चित्रपट-विकास मंडळाचें द्रव्यसाहाय्य होतें. त्यामुळें एका प्रतिष्ठित नियतकालिकांत रॉबर्ट फुलफर्ड ह्या टीकाकारांनीं टोपणनांवानें लिहितांना करदात्यांच्या पैशाचा हा विनियोग असह्य असल्याची तक्रार केली, आणि प्रकरण संसदेपर्यंत गेलें. विशेष हें कीं, ज्या सरकारी पैशाबद्दल हा गहजब झाला, तो चित्रपटाच्या उत्पन्नांतून परत आला. नीतीच्या नांवानें मांडलेला हिशेब पैशाच्या वहींत मात्र उलटा निघाला !

१९७७ सालीं ‘रॅबिड’ आणि १९७९ सालीं ‘द ब्रूड’ आला. ह्या दुसऱ्या चित्रपटापाशीं आम्हांस थोडें थांबावयाचें आहे. एका मानसोपचारकाच्या प्रभावाखालीं असलेल्या स्त्रीचा क्रोध तिच्या शरीरावर गांठींच्या रूपानें उगवतो, त्यांतून खुजीं, मुकीं बालकें जन्मतात, आणि जिच्यावर किंवा ज्याच्यावर तिचा राग असेल त्याचा तीं बालकें जीव घेतात. हा सारा प्रकार वाचतांनाही किळसवाणा वाटतो. परंतु क्रोनेनबर्ग यांचा पहिला विवाह त्या सुमारास मोडला होता, आणि मुलीच्या ताब्यावरून पतिपत्नींत कलह झाला होता. त्याच वर्षीं अमेरिकेंत घटस्फोटावरील ‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’ हा सौम्य, अश्रुपूर्ण चित्रपट लोकप्रिय झाला. आणि माझा ‘क्रेमर’ तो हाच, असें क्रोनेनबर्ग आपल्या चित्रपटाबद्दल म्हणत. स्त्रीला एवढें भयंकर रूप देण्यांत दुखावलेल्या पतीचा पक्षपात आहे, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. तथापि आईबापांच्या भांडणाचे वळ मुलांच्या शरीरावर उमटतात, हें सत्य त्यांनीं अक्षरशः दाखविलें. अलंकाराला अलंकार न ठेवतां त्याला मांस आणि रक्त देणें, ही त्यांची रीत येथें पूर्णत्वास पोंचली.

१९८१ सालच्या ‘स्कॅनर्स’ चित्रपटांत मनोबलानें एका मनुष्याचें मस्तक फुटतें. तो देखावा साधण्यासाठीं कृत्रिम मस्तक तयार करून त्यावर मागून बंदूक झाडावी लागली होती. हें दृश्य अजून लोकांच्या तोंडीं आहे. पण चित्रपटांत तेवढेंच लक्षांत राहतें, हा त्याचा दोषही आहे. ह्याहून १९८३ चा ‘व्हिडिओड्रोम’ फार खोल आहे. मार्शल मॅक्लुहन हे संपर्कसाधनांचे प्रसिद्ध तत्त्ववेत्ते टोरॉंटो विद्यापीठांतच शिकवीत असत, आणि त्यांच्या विचारांची छाया ह्या चित्रपटावर स्पष्ट पडली आहे. दूरचित्रवाणीच्या एका लहानशा केंद्राचा चालक हिंसक कार्यक्रमांच्या शोधांत असतां त्याच्याच पोटांत एक फट उघडते, आणि त्या फटींत ध्वनिचित्रफीत घालतां येते. पाहणारा जें पाहतो तें त्याच्या शरीरांत शिरतें, हा अर्थ त्या काळीं पुष्कळांस विक्षिप्त वाटला, आणि चित्रपट तोट्यांत गेला. आज तळहातावरच्या पडद्याशिवाय ज्याचा दिवस उजाडत नाहीं, अशा कोणासही तो विक्षिप्त वाटण्याचें कारण उरलेलें नाहीं.

१९८६ चा ‘द फ्लाय’ ही आमच्या मतें त्यांची सर्वांत परिपूर्ण कृति. जॉर्ज लँगेलान यांच्या १९५७ सालच्या कथेवर पूर्वीं एक चित्रपट होऊन गेला होता. क्रोनेनबर्ग यांनीं त्या कथेचा सांगाडा ठेवून प्राण बदलला. एक बुद्धिमान पण एकाकी शास्त्रज्ञ पदार्थांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं क्षणांत पाठविणारें यंत्र शोधून काढतो. स्वतःवर प्रयोग करतांना यंत्रांत एक माशी शिरते, आणि त्याच्या शरीराशीं एकरूप होते. जुन्या चित्रपटांत माणसाला माशीचें डोकें एकदमच येतें; येथें तो आठवड्याआठवड्यानें बदलत जातो. प्रथम शक्ति वाढल्याचा भास, मग अंगावर राठ केंस, मग नखें गळणें, दांत गळणें. गळालेले अवयव तो औषधाच्या कपाटांत जपून ठेवतो. आणि त्याच्यावर प्रेम करणारी स्त्री हें सर्व पाहते, घाबरते, तरीही त्याला मिठी मारते.

त्या मिठींत क्रोनेनबर्ग यांच्या कलेचें रहस्य आहे. त्या काळीं एड्सच्या साथीनें भयभीत झालेल्या लोकांनीं ह्या चित्रपटांत त्या रोगाचें रूपक पाहिलें. दिग्दर्शकाचें म्हणणें असें कीं, हें रूपक त्याहून व्यापक आहे. वार्धक्य आणि मृत्यु हा प्रत्येकाच्याच देहांतला रोग होय. ज्यानें घरांत दीर्घ आजार पाहिला आहे, त्यास ह्याचा खुलासा करावयास नको. बापाचें अंग पुसतांना, आईच्या पाठीचे व्रण धुतांना मनांत किळस येते, किळस आल्याची लाज येते, आणि त्या दोहोंच्याही खालीं माया असते. ह्या चित्रपटाच्या रंगभूषेस ऑस्कर पारितोषिक मिळालें तें योग्यच झालें. पण रंगभूषेनें डोळ्यांत पाणी येत नसतें. बीभत्सांतून भयानक उत्पन्न होतो, हें मुनींनीं सांगितलें. बीभत्सांतून करुणही उत्पन्न होऊं शकतो, हें क्रोनेनबर्ग यांनीं करून दाखविलें. आम्हीं वर ज्या तिसऱ्या गोष्टीचा उल्लेख केला ती हीच.

१९८८ च्या ‘डेड रिंगर्स’मध्यें तर रक्तमांसाचा देखावा जवळजवळ नाहींच. जेरेमी आयर्न्स यांनीं दुहेरी भूमिकेंत रंगविलेले दोन जुळे स्त्रीरोगतज्ज्ञ भाऊ हळूहळू एकमेकांसह विनाशाकडे जातात. लाल वस्त्रें घातलेले शल्यवैद्य आणि चमत्कारिक आकाराचीं शस्त्रें एवढ्यानेंच अंगावर कांटा येतो. देहाच्या बाह्य सौंदर्याच्या स्पर्धा भरतात, तशा आंतील अवयवांच्या सौंदर्याच्या कां भरूं नयेत, असा एक विचार ह्या चित्रपटांत सहज येऊन जातो. वाचकांनीं तोही स्मरणांत ठेवावा.

पुढें १९९६ सालीं जे. जी. बॅलार्ड यांच्या कादंबरीवरील ‘क्रॅश’ आला. मोटारींच्या अपघातांत कामसुख शोधणाऱ्या लोकांची ही थंड, निर्विकार कथा कान येथें विशेष पारितोषिकास पात्र ठरली. परंतु परीक्षकांतही दोन तट पडले होते. ब्रिटनमध्यें कांहीं वृत्तपत्रांनीं त्याविरुद्ध मोहीम चालविली, लंडनच्या वेस्टमिन्स्टर नगरपालिकेनें आपल्या हद्दींत बंदी घातली. आणि तेथील अभ्यवेक्षण-मंडळानें मात्र १९९७ सालीं एकही कातर न लावतां तो मंजूर केला. १९९९ चा ‘एक्झिस्टेन्झ’ हा ह्या मालिकेंतील शेवटचा. त्यानंतर क्रोनेनबर्ग यांनीं कौटुंबिक रहस्य, गुन्हेगारी, फ्रॉइड आणि युंग यांचें नातें, चित्रपटसृष्टींतील ढोंग अशा विषयांवर चित्रपट केले, आणि ते आतां सभ्य झाले, असा समज पसरला. वस्तुतः देह कोठेंच सुटला नव्हता. २००७ च्या ‘ईस्टर्न प्रॉमिसेस’मध्यें स्नानगृहांत एक विवस्त्र मनुष्य दोन सशस्त्र मारेकऱ्यांशीं झुंजतो, आणि त्याच्या अंगावरील गोंदण हेंच त्याचें चरित्र असतें. परंतु प्रेक्षकांना चिन्हें दिसेनाशीं झालीं म्हणजे त्यांना कलावंत हरवल्यासारखा वाटतो.

२०१७ सालीं त्यांची पत्नी कॅरोलिन निवर्तली. त्यांचा संसार अडतीस वर्षांचा होता. २०२१ सालीं त्यांनीं कन्येच्या साह्यानें जेमतेम एका मिनिटाचा एक चित्रपट केला. त्यांत वृद्ध दिग्दर्शक एका खोलींत येऊन स्वतःच्याच प्रेताला मिठी मारून निजतो. पुनरागमनाचा गजर करणाऱ्यांपैकीं किती जणांनीं हें एक मिनिट पाहिलें होतें, कोण जाणे ! पाहिलें असतें, तर काय येऊं घातलें आहे ह्याचा अंदाज त्यांना त्यावरूनच आला असता.

आतां २०२२ च्या चित्रपटाकडे वळूं. त्याची संहिता नवी नव्हती. ती जुन्या शतकाच्या अखेरीसच लिहून झाली होती. रॉबर्ट लँटॉस ह्या जुन्या सहकारी निर्मात्यांनीं ती पुन्हा वाचावयास लावली, आणि काळच तिच्याजवळ येऊन पोंचल्याचें उभयतांस आढळून आलें. चित्रण ग्रीसमध्यें अथेन्स येथें झालें. भविष्यकाळांत बहुतेक माणसांच्या वेदना नाहींशा झाल्या आहेत. सॉल टेन्सर ह्या कलावंताच्या शरीरांत नवे अवयव उगवतात, आणि त्याची सहचरी कॅप्रिस ते लोकांसमक्ष शस्त्रक्रियेनें काढते. भोंवतीं रसिक मंडळी तन्मय होऊन पाहत असतात. पाडुआचें प्रेक्षागृह आणि रेम्ब्रांटचें चित्र येथें पुन्हा भेटतें. आणि अंतर्गत सौंदर्याची जी स्पर्धा १९८८ सालीं केवळ बोलण्यांत आली होती, ती येथें खरोखरीच भरविण्याचें घाटत असतें.

पण चित्रपटाचा आरंभ ह्या शस्त्रक्रियांनीं होत नाहीं. समुद्रकांठीं एक लहान मुलगा आहे. तो स्नानगृहांतील प्लॅस्टिकची टोपली कुरतडून खातो, आणि त्याच्या ह्या स्वभावाला घाबरलेली आई निजलेल्या मुलाचा उशीनें जीव घेते. पहिल्या पांच मिनिटांत प्रेक्षकांनीं उठून जावें असें जें कांहीं आहे, तें हें आहे. त्यांत रक्ताचा थेंब नाहीं. मुलाचें शरीर नव्या जगाला योग्य झालें होतें, एवढाच त्याचा अपराध. ज्या वर्षीं हा चित्रपट आला, त्याच वर्षीं नेदरलँड्समधील संशोधकांनीं मनुष्याच्या रक्तांत प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण सांपडल्याचें प्रसिद्ध केलें. वीस वर्षांपूर्वींची कविकल्पना वैद्यकाच्या अहवालाशीं अशी समांतर चालली.

कान येथें कांहीं लोक उठून गेले हें खरें. राहिलेल्यांनीं उभें राहून बराच वेळ टाळ्या वाजविल्या. महोत्सवाच्या मुख्य पारितोषिकांपैकीं एकही त्यास मिळालें नाहीं. बाहेर पडणाऱ्या कित्येकांची तक्रार अशी कीं, चित्रपट वाटला होता तितका भयंकर नाहीं; त्यांत बोलणेंच फार आहे, तो मंद आहे, थकलेला आहे. ह्या तक्रारींत तथ्य आहे. कथेचे कांहीं धागे लोंबकळत राहतात, आणि पोलीस व गुप्त संघटना यांचा भाग आम्हांसही पुरतेपणीं जमलेला वाटला नाहीं. परंतु ज्याला थकवा म्हटलें, तो वैगुण्य नसून विषयच होता. नायक चित्रपटभर खोकतो, घास गिळतांना तळमळतो, काळ्या वस्त्रांत अंग गुंडाळून कोपऱ्यांत बसतो. शेवटीं तो प्लॅस्टिकचा घास तोंडांत घेतो, आणि शरीराशीं चाललेलें त्याचें जन्माचें भांडण त्या क्षणीं मिटतें. त्याच्या डोळ्यांतून एक अश्रु ओघळतो. कृष्णधवल झालेली ती मुद्रा पाहून ड्रायर यांच्या १९२८ सालच्या मूकपटांतील जोनची आठवण न होणारा रसिक विरळा. ७९ वर्षांचा दिग्दर्शक येथें कोणास भेवडावीत नव्हता. देहाशीं समेट कसा करावा, हें तो शोधीत होता.

दोन वर्षांनीं, २०२४ सालीं, त्यांचा ‘द श्राउड्स’ आला, आणि सर्व शंका फिटल्या. त्यांत पत्नीच्या मृत्यूनें खचलेला एक मनुष्य कबरींत कॅमेरे बसवितो, आणि तिच्या देहाचें विघटन पडद्यावर पाहत राहतो. ही कल्पना ऐकतांच अंग शहारतें. पण विचार करा : स्मशानांतून परत येतांना मागें वळून पाहूं नये, अशी आपल्याकडे रूढि आहे; ती कोणासाठीं आहे ? जो वळून पाहिल्याशिवाय राहूंच शकत नाहीं, त्याच्यासाठींच ना ? क्रोनेनबर्ग यांनीं त्या वळून पाहणाऱ्या माणसाचा चित्रपट केला. ज्याची देवता महाकाल, त्या रसाची उपासना करतां करतां ते त्या देवतेच्या दारांत जाऊन पोंचले, आणि तेथें त्यांना भय भेटलें नाहीं, विरह भेटला.

त्यांचा वारसा आज इतरांच्या हातीं गेला आहे. ज्यूलिया ड्यूकुर्नो यांच्या ‘टायटान’ला २०२१ सालीं कान येथील सर्वोच्च पारितोषिक मिळालें, कोरॅली फार्झा यांच्या ‘द सब्स्टन्स’ला २०२४ सालीं तेथेंच पटकथेचें पारितोषिक, आणि पुढील वर्षीं रंगभूषेचें ऑस्कर मिळालें. ह्या दोघीही स्त्रिया आहेत, आणि ‘द ब्रूड’मध्यें जो पक्षपात आम्हांस खटकला होता, त्याचें उत्तर जणूं त्यांनीं स्त्रीच्या देहाच्या बाजूनें दिलें आहे. ज्या प्रकारच्या चित्रपटाबद्दल १९७५ सालीं कॅनडाच्या संसदेंत प्रश्न निघाला, त्याला पन्नास वर्षांच्या आंत असा मान मिळावा, ही कालगति विचार करण्यासारखी आहे.

मात्र मान मिळाल्यानें एक धोकाही उत्पन्न होतो. किळसेलाही संवय जडते. काल जें पाहून डोळे मिटले, तें आज मिटत नाहींत, आणि उद्यां त्याहून तीव्र कांहीं मागावें लागतें. ही मागणी पुरविणारे कारागीर उदंड आहेत आणि होतील. त्यांच्या कृतींतून क्षोभ होईल, उद्वेग होईल. पण तो देह कोणाचा तरी आहे, त्याच्यावर कोणाची तरी माया आहे, हें जेथें विसरलें जाईल, तेथें रस उरणार नाहीं; केवळ मांस उरेल. २०२२ च्या वसंतांत ज्यांनीं जुन्या क्रोनेनबर्ग यांची वाट पाहिली, त्यांस आमचें इतकेंच सांगणें आहे कीं, त्यांनीं ‘द फ्लाय’मधील ती मिठी पुन्हा एकदां पाहावी. परत आलेले क्रोनेनबर्ग तेथें पूर्वींपासूनच उभे होते.